कुळ विचारलंत, दुखणं विचारलं नाहीत

अलिबागजवळच्या आमच्या किहीमला लागूनच नवगाव आहे. तिथल्या खडकावर फार जुन्या काळी एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचा वंश म्हणजे आमच्याकडचे बेने इस्राएल ज्यू, अशी त्या समाजाची परंपरेने चालत आलेली हकीगत. बुडालेल्यांना जिथे पुरलं असं मानतात तिथे स्मारक उभं आहे. हकीगत खरी की खोटी, हा माझा विषय नाही. माझा विषय एवढाच, की या चौदा जणांच्या वंशजांच्या दारात जो जो शिकलासवरलेला माणूस आला, त्याने वहाणा काढायच्या आत एकच प्रश्न विचारला: तुम्ही खरे कोण? मिशनऱ्यांनी विचारला, गॅझेटिअर लिहिणाऱ्या साहेबांनी विचारला, रब्बींनी विचारला आणि शेवटी डीएनएवाल्यांनी विचारला. बाबांनो, तुम्हाला होतंय काय, हे विचारणारे त्यात फार थोडे.

मी परळच्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. निवृत्त होऊन किहीमला येऊन राहिलो. त्यामुळे रक्त कशासाठी घेतात आणि त्याचं पुढे काय होतं, याबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं समजतो. नसला तरी बोलणार आहे.

या भागातल्या इस्राएलांची आडनावंच गावांची. नवगावकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर. आमच्या गावाचं नावही एका माणसाने दूरवर नेलं: हाईम सॅम्युएल किहीमकर. त्यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला. छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला. म्हणजे ज्या माणसाने मुंबईत आपल्या लोकांसाठी शाळा काढली, त्यालाही पोथीभर मजकूर लिहून आपण कोण हे सिद्ध करत बसावं लागलं. गावात या इस्राएलांना शनवार तेली म्हणत. घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, त्यावरून. गावाला एवढी ओळख पुरत होती. न पुरणारे सगळे बाहेरचे.

पुढे हे लोक इस्राएलला गेले. मराठी बोलत गेले, आजही लोद आणि अश्दोदमध्ये बोलतात. तिथे काय वाट्याला आलं? १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. मांडव पडलेला आणि रजिस्टर उघडून पणजीची उलटतपासणी! लोक रस्त्यावर आले, धरणं धरली. १९६४च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. आणि गंमत बघा, ज्यांना बाहेरच्यांनी असं दारात उभं केलं, त्यांच्यातही घरच्या घरी गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन पाट होतेच. त्यांच्यात सोयरीक होत नसे. कोकणच्या पाण्याचा गुण, दुसरं काय.

संसदेने सांगितलं तरी विज्ञानाचं समाधान झालं नाही. २००२च्या सुमारास लंडनच्या संशोधकांनी नळ्या भरून नेल्या. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर ज्यू पुरोहितांच्या घराण्यांत दिसणारी खूण सापडली म्हणून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले. २०१० साली 'नेचर'मध्ये दुसरा मोठा अभ्यास आला: बेने इस्राएल आपल्या शेजारच्या भारतीय लोकांच्याच जवळ बसतात. झाली पंचाईत! २०१६ मध्ये कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांच्या मंडळींनी तिसरा निकाल दिला: दोन्ही खरं. मध्यपूर्वेकडून आलेला अंश आहे, तो मुख्यतः पुरुषांकडून आलाय. भारतीय अंश मुख्यतः बायकांकडून. हे मिश्रण साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचं. नमुने किती जणांचे? अठरा. आता परदेशातून बोटीने आलेल्या पुरुषांनी इथल्या बायकांशी संसार केले, हे कळायला जिनोम उलगडावा लागतो का? अलिबागच्या इस्राएल आळीत एखाद्या म्हातारीच्या हातचे नारळाच्या दुधातले पदार्थ खाल्ले असते तरी कळलं असतं.

मी या संशोधकांना खोटं म्हणत नाही. काम चोख आहे. त्याच २०१६च्या कामातून हा समाज पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्नं करत आला हेही स्वच्छ दिसतं, आणि आरोग्याच्या दृष्टीने खरी बातमी ती होती. मथळा तिचा झाला नाही. मथळा झाला कुळाचा.

याच ज्यूंच्या दुसऱ्या शाखेची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये टे-सॅक्स नावाचा भयंकर रोग होता. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ठीक, मग नजर जाते, मान धरत नाही, चार-पाच वर्षांत सगळं संपतं. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. १९७१ मध्ये मायकेल कॅबॅक या डॉक्टरने बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागात सिनेगॉगमधून, रब्बींना हाताशी धरून वाहकांची तपासणी सुरू केली. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रब्बीने, जोसेफ एकस्टाइन यांनी, या रोगाने स्वतःची चार मुलं गेल्यावर एक व्यवस्था उभी केली. मुलामुलींची तपासणी करायची, त्यांना निकाल सांगायचाच नाही, फक्त एक क्रमांक द्यायचा. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे. जुळत असेल तर जुळतं म्हणायचं, नसेल तर दुसरं स्थळ बघा. कुणाच्या कपाळावर शिक्का नाही, गावभर चर्चा नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ज्यूंमध्ये हा रोग नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. रब्बी तेच, रक्त तेच. प्रश्न बदलला आणि पोरं वाचली.

आता आपल्या अंगणात या. चौदा हा आकडा कोकणात भलताच लाडका आहे. नवगावला चौदा जण वाचले, तर सह्याद्रिखंडात समुद्राने टाकलेली चौदा प्रेतं परशुरामाने जिवंत केली आणि चित्पावन झाले. त्यावरून घारे डोळे, गोरा रंग, आम्ही मूळचे कुठले, याच्या गप्पा शंभर वर्षं चालल्या आहेत. त्या गप्पांचा सोक्षमोक्ष लावायचा प्रयत्न मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९२८च्या प्रबंधात केला होता. नंतर त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजायला. कवटीच्या आकारातून गोऱ्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व निघेल अशी त्याची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही निघत नाही असं त्याच्याच संस्थेत लिहून दिलं. आज त्यांच्याच महाराष्ट्रात लोक हॅप्लोग्रुपचे, म्हणजे जनुकीय वंशरेषांचे, नंबर व्हॉट्सअॅपवर फिरवतात. आमचा आर वन ए, आम्ही स्टेपचे. अरे, स्टेपचे असाल, पण साखर तपासलीत का?

२०२२च्या मे महिन्यात तर बातमी आली की संस्कृती मंत्रालय लोकांचा डीएनए तपासून वंशाच्या शुद्धतेचा अभ्यास करणार. मंत्रालयाने इन्कार केला, बातमी दिशाभूल करणारी आहे म्हणून सांगितलं. बरं झालं. पण शंभरावर शास्त्रज्ञांना आणि विचारवंतांना पत्र लिहून विरोध नोंदवावासा वाटला, यावरून हवा कुठून वाहते आहे ते समजा.

ज्या जातीच्या भिंती आपण एवढ्या निगुतीने सारवतो, त्यांच्या आत काय साठलंय ते कुणी पाहत नाही. थोड्या माणसांपासून वाढलेला समूह, शेकडो वर्षं आपसात लग्नं. त्या मूळ माणसांपैकी एकाकडे जनुकातला एखादा दोष असला, तर तो आज हजारो घरांत पोचलेला असतो. नवरा आणि बायको दोघंही त्याचे वाहक निघायची शक्यता वाढते आणि मग मूल आजारी जन्मतं. सख्ख्या नात्यातलं लग्न नसतानाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की तपासलेल्या दक्षिण आशियातल्या २६० वर समूहांपैकी ८१ समूहांत हा परिणाम अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आहे. त्यातल्या चौदा समूहांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांच्या वर. पुन्हा चौदा! पण या चौदांची दंतकथा कुणी सांगत नाही.

वैश्य समाजातल्या काही जणांना भूल देताना वापरलं जाणारं एक साधं औषध शरीरात वेळेवर विघटितच होत नाही. ऑपरेशन संपतं आणि माणूस श्वास घेत नाही. कारण जनुकात. भूलतज्ज्ञांना हे माहीत असतं, म्हणून भूल देण्याआधी जात विचारण्याखेरीज त्यांना इलाज नसतो. अगरवाल समाजात लहान मुलांच्या मेंदूचा एक विशिष्ट आजार एकाच बदलामुळे होतो, हेही ठाऊक झालं आहे. हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकात २५ अक्षरं गळालेली असतात, शंभरात चार भारतीयांमध्ये. हे २००९ मध्ये समजलं, आणि अशा माणसांना हृदय निकामी होण्याचा धोका जवळजवळ सातपट आढळला होता. इरावतीबाई आणि त्यांचे सहकारी मल्होत्रा यांनी १९६८ मध्येच महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजाती मोजून सांगितलं होतं की एकाच नावाखाली नांदणाऱ्या या जाती जैविकदृष्ट्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत. म्हणजे ज्यांना आपण एक समजून अभिमान बाळगतो ते एक नाहीतच, आणि रोगाच्या बाबतीत हिशेब लागतो तो पोटजातीचा. याचा अभिमान बाळगून दाखवा.

आता किहीमच्या वीकेंडवाल्यांकडे वळू, कारण त्यांना वगळून या गावाविषयी काही लिहिताच येत नाही. मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून शुक्रवार संध्याकाळी चोंढी नाक्यावर गाड्या हलत नाहीत. गेल्या हिवाळ्यात इथल्या एका रिसॉर्टवर एक 'वेलनेस' शिबिर भरलं. नाव सांगत नाही. अशी शिबिरं भरवणारे पैशाला पासरी आहेत. मला शेजारच्या बंगल्यातल्या साहेबांनी ओढून नेलं. आंब्याच्या झाडाखाली टेबल, पांढरा टेबलक्लॉथ, वर लाळेच्या कुप्या मांडलेल्या. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग रेषेपर्यंत थुंकायचं. मोठमोठे कंपनी डायरेक्टर कुपी तोंडाशी धरून लाळ जमवत उभे. एक बाई म्हणाल्या, सुकटाचा वास येतोय म्हणून मला पटकन जमलं.

साहेबांचा अहवाल महिन्याभराने आला. पन्नास-साठ पानं, गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर जगाचा नकाशा आणि तुमचे पूर्वज कुठून आले त्याचे बाण. मग कॉफी पचते की नाही, तुमची प्रकृती धावपटूची की पैलवानाची, वांगं चालेल का. मधुमेहाचा धोका 'मध्यम', हृदयविकाराचा 'किंचित जास्त'. साहेब खूश. मी विचारलं, हा मध्यम कुणाच्या तुलनेत? त्यांना माहीत नव्हतं. कंपनीच्या पोरीला फोन लावला, तिलाही माहीत नव्हतं. मी सांगतो. असे गुण मांडणाऱ्या अभ्यासांत भाग घेतलेल्या जगभरच्या लोकांपैकी सुमारे ७९ टक्के युरोपीय वंशाचे होते, असं २०१९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलं. त्यांच्यावर बेतलेला गुणांक इतरांच्या बाबतीत बराच चुकतो. म्हणजे नॉर्वेच्या कोळ्याच्या मापाचा सदरा थळच्या कोळ्याला घालून वर त्याला सांगायचं, तू किंचित बेढब आहेस. आणि त्याचे पैसे घ्यायचे.

आपल्या मापाची पट्टी बनवायला हवी, हे सरकारलाही पटलं. जिनोम इंडिया प्रकल्पात ऐंशीहून अधिक समूहांतल्या सुमारे १०,००० माणसांचे जिनोम वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली. उत्तम. पण नुसता जिनोम म्हणजे रोगाचं कारण नव्हे. त्या माणसाला काय झालं, कधी झालं, त्याची आई काय खात होती, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर ती फक्त अक्षरांची रास. आणि ते लिहायचं तर माणसाकडे पंधरा-वीस वर्षं पुन्हा पुन्हा जावं लागतं. फीत कापून भागत नाही.

असं जाणारे लोक आहेत, आणि ते आपल्याच राज्यात आहेत, म्हणून तर माझा राग जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची नोंद सुरू केली, गरोदर राहण्याच्याही आधीपासून. पुढे ती बाळं जन्मली, वाढली, त्यांची लग्नं होऊ लागली तरी वही बंद झालेली नाही. त्या गावांत दिसलं असं, की साठ टक्क्यांहून अधिक गरोदर बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आहे. ते कमी झालं की रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढतो. ज्या बायकांत तो जास्त, त्यांची बाळं वजनाला कमी. आता इथे खरा पेच आहे, आणि अर्ध्याहून अधिक वैद्यकीय बातम्या इथेच आपटतात. होमोसिस्टीनमुळे बाळ लहान झालं, की ज्या गरिबीमुळे होमोसिस्टीन वाढलं तिच्यामुळेच बाळही लहान राहिलं? ती बाई उन्हात शेतावर राबते, शेवटी जेवते, दूध घरात असून तिच्या वाट्याला येत नाही. दोष कुणाला द्यायचा?

तिथे जनुक कामाला आलं. होमोसिस्टीन ज्याच्या जोरावर कमी राहतं, त्या एका विकराचं जनुक काही जणींत थोडं मंद असतं, त्यामुळे त्यांच्या रक्तात हा पदार्थ जन्मभर जास्त राहतो. कुणाला मंद मिळणार आणि कुणाला नाही, हे गर्भ राहतानाच ठरतं, डोळे झाकून चिठ्ठी उचलावी तसं. गरिबी, शेत, सासू, दूध यांतलं काहीही त्या चिठ्ठीला बदलू शकत नाही. मग मंद जनुकवाल्या आयांचीही बाळं वजनाला कमी भरली, तर संशय गरिबीवरून सरकून त्या पदार्थावर येतो. पुण्याची गावं आणि मैसूरचा एक अभ्यास, दोन्हींचा डेटा घेऊन याज्ञिक आणि सीसीएमबीचे गिरिराज चांडक यांच्या गटाने २०१४ मध्ये नेमकं हेच दाखवलं. पद्धतीला मर्यादा आहेत, पुरावा शंभर टक्के पक्का असा कधीच नसतो. पण जनुकाचा असा वापर बघितला की निवृत्त माणसालासुद्धा पुन्हा कामावर जावंसं वाटतं. आणि ही मंडळी लेख छापून थांबली नाहीत. त्याच गावांतल्या, त्याच आयांच्या मुलामुलींना, ती स्वतः आईबाप व्हायच्या आत, रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याची चाचणी २०१२ पासून घेतली. ज्या घरातून रक्त आलं, गोळी त्याच घरात गेली.

त्यात तुमचे पूर्वज कुठून आले, याचा एक बाण नव्हता.

किहीमच्या लोकांना अभिमान वाटावा अशी एक जुनी गोष्ट याच जातीची आहे. १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली बर्लिनहून परतले. मुंबईच्या म्युझियममधली नोकरी गेली होती, म्हणून पत्नी तेहमीनाबाईंसह इथे किहीमला येऊन राहिले. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे बरंचसं मेलेल्या पक्ष्यांची कातडी कपाटात रचून, पिसाची लांबी मोजून, ही कुठली पोटजात यावर भांडणं. सलीम अली खोपे विणणाऱ्या सुगरणींसमोर दिवसच्या दिवस बसले. कोण विणतो, कोण निवडतं, किती माद्या, हे जिवंत पक्ष्याकडून लिहून घेतलं. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो दुसऱ्या खोप्याला लागतो, हे तेव्हा प्रथम नीट कळलं. कपाटातल्या कातडीला हे विचारून उत्तर आलं नसतं. आणि इथून जवळच्याच झिराडचं आडनाव लावणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड, बेने इस्राएल समाजाच्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९३०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी शहरात बाळंतपणात मेलेल्या बायकांच्या मृत्यूंची कारणं शोधणारी पाहणी केली. जिच्या समाजाला सगळं जग कुळ विचारत होतं, ती बाई विचारत होती, ही बाई कशाने मेली. मला बेने इस्राएलांबद्दल आदर वाटतो तो या प्रश्नामुळे. दोन हजार वर्षांच्या गलबतामुळे नाही.

बंगल्यांच्या मागे, आतल्या अंगाला, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते. तिथे काही वर्षांपूर्वी बाहेरून एक पथक आलं, रक्त घेऊन गेलं. काही घरांत नंतर एकेक छापील कार्ड आलं. एका बाईने ते पत्र्याच्या पेटीतून, पिशवीत गुंडाळलेलं, काढून मला दाखवलं. काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं आणि सांगायला कुणी परत आलं नव्हतं. तिने विचारलं, यावर तांदूळ मिळतात काय? मी वाचून दाखवलं. तिच्या पोरीत जनुकाचा दोष नव्हता. पण पोरगी पांढरीफटक होती, डोळ्याची खालची पापणी ओढली की कळत होतं. तिला लोह हवं होतं, जंताची गोळी हवी होती, दोन वेळचं खाणं हवं होतं. यातलं कुठलंच कार्डावर नव्हतं, कारण तो त्या पथकाचा विषय नव्हता.

गडचिरोलीत हेच घडलं होतं. डॉ. अभय बंग यांनी तिथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शोधून काढला, सरकारला जागं केलं, केंद्रही निघालं, आणि आदिवासींनी तिकडे फारसं लक्षच दिलं नाही. हा आमचा पहिला प्रश्न नव्हे, असं त्यांनी डॉक्टरांना सुनावलं. बंग यांनी हे स्वतः सांगितलं आणि त्यापुढे लोकांना विचारून संशोधन करायचं ठरवलं. एवढा मनाचा मोठेपणा किती जणांकडे आहे? सिकलसेल खोटा नाही. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत त्याच्या वेदनेने पोरं रात्र-रात्र किंचाळतात. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोक तपासायचं ठरलं. तपासा. पण तपासून हातात कार्ड ठेवणं म्हणजे उपचार नव्हे. वाडीतल्या मुलीच्या हातातलं कार्ड सोयरीक मोडायला पहिलं कामी येतं, औषध मिळायला शेवटी.

आणि जनुकाच्या नावाखाली दुसरी एक सोय होते, तिचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. 'यांच्यात हे जात्याच असतं.' पोषण आहार पोचला नाही, जात्याच असतं. दवाखान्यात डॉक्टर नाही, जात्याच असतं. बंगल्यातले साहेबसुद्धा पोट सुटलं की म्हणतात, आमच्या घराण्यातच शुगर आहे. घराण्यात शुगर असेल, पण शनिवारी रात्री तीन पेग आणि सुरमईच्या सहा तुकड्या घराण्याने खाल्ल्या नव्हत्या.

राहिला प्रश्न माहितीचा. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ट्वेंटी-थ्री-अँड-मी या कंपनीची माहिती चोरीला गेल्याचं बाहेर आलं, सुमारे ६९ लाख ग्राहकांची. चोरांनी बाजारात सर्वांत आधी काय मांडलं? अश्केनाझी ज्यूंची यादी. हौसेने लाळ देऊन ज्यांनी आपलं कुळ विकत घेतलं होतं, त्यांचं कुळ दुसऱ्या कुणी विकायला काढलं. २०२५च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण आधीच्या मसुद्यात जनुकीय माहितीला संवेदनशील म्हणून जी वेगळी जागा होती, ती या कायद्यात उरली नाही. तुमचा फोन नंबर आणि तुमचा जिनोम, कायद्याच्या लेखी एकाच ताटात. विमा कंपनीने जनुकीय आजार म्हणून एका हृदयरोग्याचा दावा नाकारला, तेव्हा २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरसकट असं वगळणं भेदभावाचं ठरवलं. निकाल चांगला आहे. पण आमच्या वाडीतल्या माणसाने त्यासाठी दिल्लीला जावं की वीटभट्टीला?

तेव्हा यापुढे किहीम, नवगाव, झिराड, थळ या पट्ट्यात जो कुणी थंड पेटी घेऊन येईल, त्याने आधी हे लिहून आणावं. कुठल्या आजाराचं कारण शोधताय, त्याचं नाव मराठीत. आमच्यातल्या किती जणांना तो आहे, याचा अंदाज. निकाल घरी येऊन कोण समजावणार आणि किती महिन्यांत. दोष निघाला तर गोळी कुठून, सल्ला कुठून, आणि ही पोर वाहक आहे हे तिच्या सासरला कळू नये याची व्यवस्था काय. माहिती कुणाच्या संगणकावर राहणार आणि कंपनी बुडाली तर कुणाच्या हातात जाणार. जात विचारायची असेल तर खुशाल विचारा, आगरी, कोळी, माळी, भंडारी, इस्राएल, कातकरी, सगळे सांगतील. रोगासाठी विचारताय म्हटल्यावर लाज कसली? यातलं काही नसेल आणि आमचे पूर्वज कोण एवढंच जाणून घ्यायचं असेल, तर मांडव्याहून परतीची बोट संध्याकाळीही असते.